काचेमागच्या लोखंडेबाई

डॉ. सुमन लोखंडे यांनी पहिल्याच भेटीत मला एक चांगली बातमी दिली आणि ती छापू नका म्हणून सांगितलं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सांगलीच्या एका दैनिकात माझ्याकडे आरोग्य आणि पाणीटंचाई असे दोन विषय होते. उन्हाळ्यात दुसरा, एरवी पहिला. मार्केट यार्डाच्या बाजूला एका ट्रस्टचं कॅन्सर रुग्णालय होतं. तिथं वरच्या मजल्यावर उंदीर पाळलेत आणि त्यांना माणसांचा कॅन्सर लावतात, असं कानावर आलं म्हणून मी गेलो. जिना संपला की एक अरुंद व्हरांडा, त्यात एक मोठी काच, काचेला आतून पडदा. बाई बाहेर आल्या त्या तोंडावरची पट्टी न काढताच. चाळिशीच्या, ठेंगण्या, सुती साडीवर पांढरा कोट. केसांना तेल नाही, अंगाला पावडर नाही, जवळ उभं राहिलं तरी कसलाच वास नाही. उंदरांना त्रास होऊ नये म्हणून वासाची ही शिस्त त्या सगळ्यांना लावत. गजरा घालून आलेल्या मदतनीस मुलीला त्यांनी एकदा दारातून परत पाठवलं होतं.

उंदीर बिनकेसांचे होते. गुलाबी, सुरकुतलेले, नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखे. या जातीला जन्मतःच प्रतिकारशक्ती फार कमी असते, त्यामुळे परक्या देहाचा तुकडा त्यांचं शरीर झिडकारत नाही. खाली जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काढलेल्या गाठीचा एक भाग बर्फात ठेवून वर यायचा. बाई त्याचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे करायच्या आणि उंदराच्या कुशीत, कातडीखाली ठेवायच्या. पुष्कळदा काहीच व्हायचं नाही. क्वचित एखादा तुकडा तग धरायचा आणि वाढू लागायचा. तीच गाठ मग पुढच्या उंदरांत लावायची, काहींना औषध द्यायचं, काहींना नाही, आणि काय होतं ते बघायचं.

मी विचारलं, म्हणजे त्या पेशंटला कुठलं औषध लागू पडेल ते आधी कळेल?

“कळेल,” बाई म्हणाल्या. “पेशंट असला तर.”

उंदराच्या अंगावर गाठ धरायला, वाढायला, औषध देऊन पाहायला महिने जात. खालच्या वॉर्डातल्या माणसाकडे बहुधा तेवढे महिने नसत. “उंदीर उशिरा पोचतो,” असं त्या म्हणत. आज जे करतोय ते पुढे कधीतरी येणाऱ्या पेशंटसाठी. हे वाक्य लोक ऐकतात पण ऐकत नाहीत. छापलंत तर दारात रांग लागेल आणि रांगेतल्या प्रत्येकाला मला हेच सांगावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. बातमी मी छापली नाही. पण अधूनमधून जात राहिलो.

बाई कोयनानगरच्या. वडील धरणाच्या कामावर होते, नंतर प्रकल्पाच्या वसाहतीत राहिले. तिथं जमीन हलणं ही नेहमीची गोष्ट, आणि त्या बालपणाची एक खूण त्यांच्या खोलीत होती. उंदरांचे पिंजरे कमरेच्या वर कधीच ठेवलेले नसत, आणि मांडण्या भिंतीला तारेनं बांधलेल्या असत. सांगलीत कोयनेइतका मोठा भूकंप होत नाही, असं कुणी म्हटलं की त्या म्हणत, जमिनीला हे कुणी सांगितलंय का? हळदीच्या हंगामात यार्डातली धूळ त्या मजल्यावर यायची आणि हवा गाळायची कापडं पिवळीधमक व्हायची. ती त्या स्वतः धूत. धुताना वसाहतीतल्या बोलीत पुटपुटत. ती बोली एरवी त्यांच्या तोंडी यायची नाही.

निष्कर्षाच्या बाबतीत त्या कंजूष होत्या. एका उंदरावरून काढलेला निष्कर्ष म्हणजे अफवा, हे त्यांचं आवडतं वाक्य. तरुण डॉक्टर सोनोग्राफीच्या एखाद्या चित्रावरून उत्साहानं बोलायला लागला की त्या फक्त “अफवा” एवढंच म्हणत आणि कामाला लागत.

पहिल्यांदा एका उंदरावर गाठ धरली तेव्हा मदतनीस मुलीनं पेढे आणले. बाईंनी पुडा हातात घेतला, उघडला नाही. वॉर्डातल्या त्या पेशंटच्या घरीही देणार का, एवढंच विचारलं. मुलीला आधी कळलं नाही. मग बाईंनी समजावलं. उंदरावर लवकर धरते ती गाठ माणसातही घाईचीच असते. आपल्याकडे जी आनंदाची बातमी, ती खाली वाईट बातमी. तेव्हापासून त्या खोलीत काही यशस्वी झालं की सगळे थोडे गप्प होत.

गाठ वाढते की आटते हे बघायला नुसता स्पर्श पुरत नसे. उंदीर मारून बघायचा तर पुढचं काही कळत नाही. म्हणून रविवारी सकाळी, बाह्यरुग्ण विभाग बंद असताना, उंदीर खाली सोनोग्राफीच्या खोलीत यायचे. ती खोली डॉ. गोडबोले यांची. हे मूळचे वाईचे, बडबडे. उंदीर टेबलावर ठेवला की ते गंभीरपणे विचारत, पेशंट उपाशीपोटी आलाय ना? यंत्र माणसांसाठी बनवलेलं. इतक्या लहान अंगावर ते थेट टेकवलं तर वरची कातडी नीट दिसत नसे. त्यावर बाईंनी उपाय काढला होता. रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरायचं, गाठ मारायची, आणि तो फुगलेला हात उंदराच्या कुशीवर ठेवून त्यावरून यंत्र फिरवायचं. पाण्यातून चित्र स्वच्छ यायचं. पडद्यावर करडा भुरभुराट आणि त्यात एक काळा लांबट डाग. तो डाग म्हणजे कुणाच्या तरी पोटातली गाठ.

बाईंच्या घरी मी दोन-तीनदाच गेलो. आई आणि त्या, दोघीच. आई सत्तरीच्या पुढच्या, सरळ पाठीच्या. छप्पन्न सालानंतर त्यांच्या आळीनं बौद्ध धम्म घेतला तेव्हा लहानगी लेक त्यांच्या बोटाला धरून होती. ते दिवस त्यांना आदल्या आठवड्यासारखे आठवत. संध्याकाळी त्या मेणबत्ती लावून वंदना आणि पंचशील म्हणत. बाई शेजारी बसत. मी एकदा बाहेरच्या खोलीत थांबलो होतो. प्राणिहिंसा करणार नाही हे पहिलं शील आईंनी एकटीनं म्हटलं. दुसऱ्यापासून बाईंचा आवाज त्यांच्यात मिसळला. नंतर चहा देताना आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सुमी पैलं शील म्हणत न्हाई. उंदरं मारायला लागल्यापास्नं. मी म्हणलं, म्हण की, म्हणून कोन पकडतंय तुला? तर म्हनती, आई, मीच पकडते.”

बाई आतून म्हणाल्या, “साखर घातलीस का त्यांच्या चहात?”

बाईंचा आणखी एक नियम असा होता की त्या पेशंटला भेटत नसत. त्या पॅथॉलॉजीच्या. वर येणाऱ्या तुकड्याला आकडा असायचा, नाव नसायचं. खाली कोण आहे, किती वयाचा, मुलं आहेत का, हे त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. मी काचेमागची डॉक्टर, असं म्हणत. हा नियम मोडला आनंदा जगतापमुळे.

आनंदा कवठे महांकाळ तालुक्यातला, बोअरच्या गाडीवर मुकादम होता. दुष्काळी भागात जमिनीत भोक पाडत फिरायचं काम. जठराचा मोठा भाग काढून टाकला होता. तो चालायला लागल्यावर एका सकाळी, एका हातात नळीची पिशवी धरून, जिना चढून वर आला. मागोमाग बायको हौसाबाई, त्याला रागं भरत. मी तेव्हा व्हरांड्यात होतो. बाई दार उघडून बाहेर आल्या तर हा समोर.

“डाक्तरीणबाई, माझा उंदीर कंचा?”

गाठीचा तुकडा संशोधनाला घेताना त्याची सही घेतली होती. तेव्हा त्याला सगळं सांगितलं होतं, ही चाचणी तुझ्यासाठी नाही हेसुद्धा. त्याच्या लक्षात राहिलं ते एवढंच की वर आपला एक उंदीर आहे. बाई नाही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी पडदा ओढला.

तो काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला.

“ह्याच्यापरीस आमच्या गावातलं उंदीर लय धष्टपुष्ट,” तो म्हणाला. मग हौसाबाईंना, “बघ गं. ह्यो तर आदीच टकला हाय. ह्याला सुयांची काय भीती?”

सुया म्हणजे कॅन्सरची इंजेक्शनं. ऑपरेशननंतर ती लगेच सुरू करायची, असं खालच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. हौसाबाईंच्या भावकीत एक बाई अशी इंजेक्शनं चालू असताना गेली होती. केस गेले, अन्न गेलं, मग तीही गेली. हौसाबाई काचेतून बघत म्हणाल्या, “आदी ह्याला द्या सुया. ह्यानं सोसल्या तर आमच्या मान्साला देऊ.”

सगळे हसले. आनंदा पोटाचे टाके धरून हसला. बाईही हसल्या, तोंडावरची पट्टी हलली तेवढंच दिसलं.

त्यानंतर आनंदा दोनदा तपासणीला आला आणि दोन्ही वेळा वर येऊन गेला. त्याची गाठ उंदरावर लवकर धरली होती. बाईंनी त्याला ते सांगितलं नाही, तब्येत कशी आहे एवढं विचारलं. झकास हाय, तो म्हणाला. उपचार चालू आहेत का, हे त्यांनी विचारलं नाही. ते खालच्यांचं काम. खालच्यांना वाटलं, पेशंट दुसऱ्या गावी इंजेक्शनं घेत असेल. तसे पुष्कळ घेत. मग तो यायचा थांबला.

दरम्यान गाठ पुढच्या उंदरांत लावली गेली आणि काहींना औषध सुरू झालं. रविवारमागून रविवार काळा डाग लहान होत गेला. एका रविवारी डॉ. गोडबोले पाण्याचा हातमोजा पुन्हा पुन्हा सरकवत राहिले आणि शेवटी, थट्टा न करता, म्हणाले, “बाई, मला काही सापडत नाही.” औषध दिलेले दोन उंदीर होते. दोघांच्याही कुशीत काही दिसत नव्हतं. ज्यांना औषध दिलं नव्हतं त्यांच्या गाठी सुपारीएवढ्या झाल्या होत्या.

पेशंट जिवंत असताना उंदीर पोचला, असं त्या खोलीत पहिल्यांदाच घडत होतं. बाईंनी खालून पत्ता मागवला. मला टंचाईच्या बातमीसाठी कवठे महांकाळला जायचं होतंच. आम्ही एकाच एसटीनं गेलो. वाटेत त्या नेहमीपेक्षा जास्त बोलल्या. हे दोनच उंदीर आहेत, यावरून काही म्हणता येत नाही, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं, आणि तीनही वेळा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

आनंदा पडवीत बाजेवर होता. हातापायांच्या काड्या, पोट मात्र पाण्यानं फुगलेलं. बाईंनी ते पोट पाहिलं आणि त्या काही क्षण दारातच उभ्या राहिल्या. मग बाजेशेजारी बसल्या. ज्यासाठी आल्या होत्या ते त्यांनी सांगितलं, सावकाश, साध्या शब्दांत. तुमची गाठ आम्ही उंदरांना लावली. दोघांना औषध दिलं. दोघांची गाठ आता दिसत नाही.

हौसाबाईंनी आनंदाच्या खांद्याला धरून त्याला थोडं उठवून बसवलं. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

“म्हंजी आता करायच्या का सुया सुरू?” त्यांनी विचारलं.

“आत्तापर्यंत किती झाल्या?” बाई म्हणाल्या.

“एक बी न्हाई. तुमच्या उंदराचीच वाट बघत हुतो न्हवं.”

वाट बघायची असं कुणी सांगितलं, बाईंनी विचारलं.

“तुमच्याम्होरंच तर म्हणलं हुतं मी. काचंपाशी. तवा तुमी न्हाई म्हणला न्हाईसा.”

आनंदा बाईंकडे बघत होता. “कंचं औषध दिलं वो त्याला?”

बाई म्हणाल्या, “तेच. खालच्या डॉक्टरांनी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलेलं.”

आनंदाला हसू आलं. हसण्याइतकी ताकद नव्हती, नुसते खांदे हलले. “बघ गड्या,” तो म्हणाला, कुणाला ते कळलं नाही. “उंदीर सुया घिऊन बरा झाला, आन मी उंदराची वाट बघत ऱ्हायलो.”

बाईंनी त्याला सांगलीला आणायचा प्रयत्न केला. गावातून रुग्णालयात फोन लावला. सर्जनांनी पोटाचं वर्णन ऐकून घेतलं आणि सांगितलं की आता हे शरीर ते औषध सोसणार नाही. बाईंनाही ते माहीत होतं, पण कुणीतरी दुसऱ्यानं म्हणायला हवं होतं. परतीच्या गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मिरज आल्यावर एकच वाक्य बोलल्या.

“मी हसले होते.”

आनंदा पावसाळ्याच्या तोंडावर गेला.

ते दोन उंदीर नंतर मारावे लागले. डाग दिसेनासा झाला म्हणजे गाठ संपली असं नसतं. गाठीच्या जागेचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. बाईंनी मला दोन्ही काचपट्ट्या दाखवल्या. एकीत फक्त वण होता, फिकट गुलाबी तंतू, बाकी काही नाही. दुसरीतही वण होता, पण त्याच्या कडेला जांभळ्या पेशींचा एक छोटा पुंजका होता. तो जिवंत होता. बाई म्हणाल्या, एकात संपली, एकात राहिली. म्हणजे आपल्याला काहीच कळलेलं नाही.

काही आठवड्यांनी हौसाबाई आल्या. एकट्याच. योगायोगानं मी तिथं होतो. त्या काचेसमोर उभ्या राहिल्या. पडदा उघडा होता. उंदीर हाय का, त्यांनी विचारलं. नाही, बाईंनी सांगितलं. हौसाबाईंनी मान हलवली, जणू हेच ऐकायला मिळणार हे ठाऊक होतं. मग म्हणाल्या, “येक इचारते बाई. खरं सांगा. सुया आदीच घेतल्या असत्या तर ऱ्हायला असता का त्यो? गावात समदी म्हनत्यात, हौसीनं उंदरापायी नवरा घालवला.”

बाईंनी त्यांना आत नेलं. कोट दिला, डोक्याला टोपी दिली. पेटीतून एक काचपट्टी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. एक डोळा कसा मिटायचा ते दाखवलं.

“कडेला जांभळं दिसतंय?”

“व्हय.”

“ती गाठ आहे. तुमच्या माणसाची. सगळं औषध देऊनसुद्धा राहिलेली.”

“म्हंजी परत आली असती?”

“आली असती.”

“सुया घेतल्या असत्या तरी?”

“तरीही.”

हौसाबाई बराच वेळ बघत होत्या. मग मागं सरकल्या आणि जिथं त्यांचा डोळा टेकला होता ती जागा त्यांनी पदरानं पुसली, उसनं आणलेलं भांडं परत देताना पुसावं तशी. “दिसतंय खरं,” असं म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

पेटी टेबलावर उघडीच होती. दुसरी काचपट्टी तिच्या खाचेत होती. मी तिच्याकडे बघतोय हे बाईंना कळलं.

“अफवा आहे,” त्या म्हणाल्या. “माहीत आहे मला. दोन्ही अफवाच आहेत. त्यातली एक तिला जन्मभर घरात वागवायची आहे. तिला सोसेल ती मी दिली.”

त्यांनी पेटी बंद केली. या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत ट्रस्टनं वरचा मजला दुसऱ्या कामाला घेतला. उंदरांची ती जात सांभाळणं वीज सारखी जात असताना अवघडच होतं. बाई आईंना घेऊन साताऱ्याला गेल्या आणि तिथं रक्त, लघवी आणि गाठीच्या काचपट्ट्या तपासणारी एक लहान लॅब चालवू लागल्या, असं डॉ. गोडबोल्यांकडून कळलं.

दशक सरता सरता मी निवडणुकीच्या कामानं साताऱ्यात होतो. लॅब शोधून काढली. रस्त्यालगत दोन गाळे, समोर रस्त्यापलीकडे एक रुग्णालय. बाहेरच्या बाकावर पाचसात माणसं. मी वाट बघत बसलो. माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. रिपोर्ट द्यायला काउंटरवर मुलगी असूनही काही लोकांसाठी बाई स्वतः बाहेर येत होत्या. केस पांढरे झालेले. लिफाफा हातात द्यायच्या आधी त्या विचारत, उपचार सुरू केलेत का? नसतील तर कुठे करणार? कधीपासून? लोक सांगत. मग लिफाफा मिळे.

एक म्हातारा आणि त्याची बायको आली. रिपोर्ट आधीच नेलेला होता, त्याची आणखी एक प्रत हवी होती. बाईंनी प्रश्न विचारला. म्हातारा समजूतदारपणे म्हणाला, “अजून न्हाई, बाई. मुलानं काचा पुण्याला धाडल्यात. तितलं उत्तर आलं की करू सुरू. घाई कशापायी?”

बाईंनी लिफाफा काउंटरवर ठेवला.

“तिथलं उत्तर हेच येणार आहे,” त्या म्हणाल्या. “चला.”

“कुटं?”

“चला म्हणते ना.”

त्या गाळ्याच्या पायऱ्या उतरल्या, कोट अंगात तसाच. माझ्यासमोरून गेल्या, पण मला त्यांनी पाहिलं नाही. म्हाताऱ्याचं कोपर त्यांनी घट्ट धरलं होतं आणि तो “आवं, आवं” करत ओढला जात होता. बायको पिशवी सावरत मागून धावत होती. रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती. बाईंनी उजवा हात वर केला, रिक्षांकडे न बघताच, आणि समोरच्या रुग्णालयाच्या दिशेनं त्या मध्यावर पोचल्या. एक रिक्षावाला करकचून थांबला आणि काहीतरी ओरडला. त्या थांबल्या नाहीत.